हजेरीचं टिंब

आमच्या ग्रुपचं नाव 'आतली गोष्ट'. ते ग्रुप चालवणाऱ्या कॅशियरताईंनी ठेवलंय, आणि ते वाचून ज्याला हसू येणार नाही त्याला आत घ्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे. ग्रुप आतड्यांचा आहे. म्हणजे आतड्यांना सूज आणणारा, जखमा करणारा आणि एकदा आला की जन्मभर मुक्काम ठोकणारा जो आजार, तो झालेल्या लोकांचा. मला तो सहावीत झाला. आता मी नववीत आहे.

हसण्याचा नियम तेवढा गमतीतला, बाकीच्या नियमांत चेष्टा चालत नाही. पोटात गेलेल्या किंवा पोटातून आलेल्या कुठल्याही गोष्टीचा फोटो टाकायचा नाही. रक्ताबद्दल लिहायचं असेल तर आधी लाल चौकोन टाकायचा, म्हणजे जो जेवत असेल तो तिथेच थांबेल. पोस्टच्या डोक्यावर 'नुसतं ऐका' असं लिहिलं असेल तर सल्ला द्यायचा नाही, पाणी पी इतकासुद्धा नाही. 'मी बरी झाले' असं कुणी म्हणायचं नाही, कारण हा आजार जात नाही, झोपतो. म्हणून म्हणायचं, 'सध्या शांत आहे.' आणि चांगली बातमी असेल तर सुरुवातीला 'चांगली बातमी, जमेल त्यांनीच खाली या' असं लिहून दहा रिकाम्या ओळी सोडायच्या. हाताला सलाईन लावून पडलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दुसऱ्याचा नाच आपटू नये म्हणून. मला हा नियम फार आवडायचा. माझ्याकडे चांगली बातमी नव्हती तोपर्यंत.

सगळ्यात मोठा नियम टिंबाचा. पूर्वी एकदा ग्रुपमधल्या एक बाई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या आणि दिवसभर तशाच पडून राहिल्या. त्या रुसल्यात म्हणून गप्प आहेत असं सगळ्यांना वाटलं. तेव्हापासून कॅशियरताईंनी प्रत्येकाला एक जोडीदार दिला. सकाळी जोडीदाराला एक टिंब पाठवायचं. शब्द नको, खुशाली नको, नुसतं टिंब. दुपारपर्यंत समोरच्याचं टिंब आलं नाही तर फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर ताईंना कळवायचं.

माझे जोडीदार ड्रायव्हरकाका. वय माझ्या बाबांपेक्षा बरंच जास्त, घरी एकटेच. बावीस वर्षं बस चालवली आणि मग या आजारानं त्यांना सीटवरून उठवलं, कारण बसमधले पन्नास लोक रस्त्यात थांबवून ड्रायव्हर पळत सुटू शकत नाही. आता ते डेपोतच हरवलं-सापडलंच्या खिडकीवर बसतात. ती जागा त्यांनी मागून घेतली, कारण शेजारचं दार संडासाचं. बसमध्ये लोक काय काय विसरतात ते ते मला कळवायचे. एकदा कुबड्यांची अख्खी जोडी आली. "बाक, मला सांग," त्यांनी लिहिलं, "हा माणूस घरी गेला कसा?" मी वर्गातच पोट धरून हसले. आमच्यासारख्यांनी पोट धरलं की बाई घाबरतात, तो भाग वेगळा.

बाक म्हणजे मी. ग्रुपमध्ये ओळख करून देताना मी लिहिलं होतं की मी वर्गात शेवटच्या बाकावर, दाराला चिकटून बसते, कारण मला विचारायला वेळ नसतो. त्या दिवसापासून सगळे मला बाकच म्हणतात.

काकांचा अंगठा जाडजूड. टिंब दाबायला जावं तर बोट भलतीकडे पडायचं. कधी दोन टिंबं यायची, कधी स्वल्पविराम, एकदा तर नुसता 'ळ' आला. वेळेचा काही भरवसा नाही. ते बाथरूममधून बाहेर आले की टिंब यायचं, त्यामुळे ज्या दिवशी टिंब उशिरा यायचं तो दिवस कसा चाललाय हे मला न विचारता कळायचं.

आणि मग मला नवीन इंजेक्शन लागू पडलं.

मी ते कसं सांगू? मी बसमागे धावले आणि बस पकडली. धावताना मी पोटाचा विचार केला नाही, बसचाच केला. मी वक्तृत्वाला नाव दिलं. पहिल्या बाकावर बसले, तर फळा इतका जवळ की खडूची धूळ नाकात. आई म्हणाली, घरात वादळ आल्यासारखं वाटतंय. बाबा म्हणाले, असू दे वादळ. सहा महिने मी शांत होते, म्हणजे आजार शांत होता, मी अजिबात नव्हते.

काकांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. कारण तेच इंजेक्शन त्यांना माझ्या आधी सुरू झालं होतं. थोडे दिवस गुण आला आणि मग त्यांच्या शरीरानं त्याला भीक घालायचं बंद केलं. त्यानंतरची औषधंही एकेक करून संपत चालली होती. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं असं त्यांनी लिहिलं, त्याला डोक्यावर 'नुसतं ऐका' होतं. आता याच माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तुमच्यावर जे चाललं नाही ते माझ्यावर धावतंय? दहा रिकाम्या ओळी सोडून? ग्रुपमधला दुसरा कुणी मध्येच थांबू शकतो, पण जोडीदाराला शेवटपर्यंत वाचावं लागतं. म्हणून मी त्यांना रोज लिहायचे, 'कसंबसं चाललंय.'

खरं सांगायचं तर मला ग्रुपमधून बाहेरच पडायचं होतं. सकाळी डोळे उघडले की पहिलं टिंब, दात घासायच्या आधी, खिडकी उघडायच्या आधी. दिवसभर मी वादळ असायचे, पण दिवस सुरू व्हायचा तो आजाऱ्यांच्या हजेरीनं. आणि बाहेर पडायला दार नव्हतं. न सांगता गेले तर सगळ्यांना वाटणार माझं काहीतरी झालं. सांगून गेले तर कारण द्यावं लागणार, आणि कारण म्हणजे तेच इंजेक्शन. मी अडकले होते ते आजारात नाही, बरं होण्यात.

तेवढ्यात शाळेचं डोंगरावरचं शिबिर जाहीर झालं. एक आठवडा, तंबू, दोर, शेवटच्या दिवशी शिखर. मोबाईल पहिल्याच दिवशी खेळाच्या बाईंच्या पेटीत जमा. मी वर्गात पहिला हात वर केला.

टिंबाला सुट्टी घेता येत नाही असं नाही. 'बदली' मागायची सोय आहे. आपल्या जागी दुसरं कोणीतरी जोडीदारावर लक्ष ठेवतं. पण बदलीला कारण लागतं. मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आई म्हणाली की सरळ काकांना सांग, मोठा माणूस आहे, समजून घेईल. मी तिला म्हटलं की तुला ग्रुपच्या पद्धती माहीत नाहीत. आई म्हणाली, पद्धती माहीत नाहीत, माणसं माहीत आहेत. मी ऐकलं नाही. फोनमध्ये मेसेज आधी लिहून ठेवायची सोय असते. दिवस आणि वेळ सांगितली की फोन बंद असला तरी मेसेज आपला आपण जातो. मी आठवड्याची टिंबं लावून ठेवली आणि हुशारीवर खूश होऊन बॅग भरली.

पहिले दोन दिवस मी सुटलेल्या वासरासारखी होते. तंबू निवडताना मी संडास किती लांब आहे ते मोजलं नाही. माझ्या तंबूत माझी मैत्रीण होती, वर्गातली सगळ्यात उंच, म्हणून तिचं नाव शिडी. आम्ही इतक्या हसलो की बाईंनी आम्हाला दोनदा तंबूसकट हलवायची धमकी दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर दोरानं चढायचं होतं. जोड्या पाडल्या. एक वर चढणार, दुसरी खाली दोर धरून उभी. शिडी चढत होती आणि मी दोर धरून शेजारच्या जोडीतल्या मुलीशी गप्पा मारत होते. बाई मागून आल्या. ओरडल्या नाहीत. माझी हनुवटी बोटानं वर केली आणि म्हणाल्या, "दोर हातात आहे म्हणजे काम झालं असं नाही. खालच्या मुलीचं काम वर बघायचं."

मी वर बघितलं. शिडी एका खाचेत पाय चाचपत होती. आणि मला माझी टिंबं आठवली.

माझं टिंब रोज वेळेवर जात होतं. त्याचा अर्थ काकांच्या लेखी काय होता? बाक जागी आहे, एवढाच? नाही. बाक बघते आहे. काकांचं टिंब आलं नाही तर फोन करणारं माणूस हजर आहे. मी दोर हातात ठेवला होता आणि मान फिरवून निघून आले होते. तीन दिवस त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं, आणि कुणीतरी बघतंय असं सगळ्या ग्रुपला वाटत होतं.

शिडी खाली उतरेपर्यंत मी मान खाली केली नाही. मग बाईंकडे जाऊन फोन मागितला. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, फार गरजेचं आहे. त्या म्हणाल्या, कारण सांग. सगळ्या मुली दोर गुंडाळत तिथेच उभ्या होत्या. माझ्या पोटाला जरा त्रास असतो, एवढंच आईनं बाईंना सांगितलं होतं. मुलींना तेवढंही माहीत नव्हतं. तीन वर्षं मी ते लपवण्यात घालवली होती, शेवटच्या बाकासकट.

"माझ्या आतड्यांना आजार आहे," मी म्हटलं. "कायमचा. सध्या शांत आहे. तोच आजार असलेले एक काका आहेत, ते एकटे राहतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं आहे. मी ते सोडून आले."

मग शिडी म्हणाली, "म्हणून तू दारापाशी बसायचीस? मला वाटायचं, कॉपी करायला."

बाईंनी पेटी उघडली. रेंज फक्त खालच्या पाण्याच्या टाकीपाशी यायची. मी तिथपर्यंत पळाले. फोन सुरू झाला आणि काकांची टिंबं दिसली. तिन्ही दिवसांची. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेर आला. तिन्ही टिंबं नऊच्या ठोक्याला आलेली होती. एकेकटी, स्वच्छ, गोल. ना दुसरं टिंब, ना स्वल्पविराम, ना 'ळ'. जाड अंगठ्याची ही टिंबं नव्हती. अशी टिंबं कशी येतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग कॅशियरताईंना लावला. त्या बँकेत कामावर होत्या, मागे कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, अगं, त्यांचं टिंब तर आलंय.

"माझंही रोज गेलंय ताई," मी म्हटलं. "आणि मी तीन दिवस डोंगरावर आहे."

मागचा टोकन नंबर दोनदा पुकारला गेला. मग ताई एवढंच म्हणाल्या, "तिथून हलू नकोस."

मी हलले नाही. टाकीला टेकून बसले. टाकीचा पत्रा तापत चालला होता, तरी जागा बदलायची हिंमत होईना, कारण दोन पावलं उजवीकडे गेलं की रेंज जात होती. वर कड्यावर मुलींचे आवाज येत होते. इतक्या मोठ्या डोंगरावर माझ्या वाट्याला बाकाएवढी जागा उरली होती. काका बाथरूमच्या दारापाशी पडलेत असं मला दिसायचं, मग ते खिडकीवर बसून कुबड्या पुसतायत असं मी मुद्दाम बघायचे, पण ते चित्र टिकायचं नाही.

शेवटी फोन वाजला. काकांचा.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ते म्हणाले, "बाक, हळू. टाके आहेत."

ते दवाखान्यात होते. मी डोंगरावर आले त्याच दिवशी ते दाखल झाले होते आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मोठं आतडं काढून टाकलं आणि पोटाला पिशवी लावली. वेळ लावून टिंबं पाठवायचं त्यांना डेपोतल्या मेकॅनिकनं शिकवलं होतं. "आयुष्यभर लोकांच्या हरवलेल्या पिशव्या सांभाळल्या," ते म्हणाले, "शेवटी मला माझी मिळाली." आणि हसायला गेले, तर त्यांना दुखलं.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"लिहायला बसलो होतो," ते म्हणाले. "दहा ओळी सोडल्या. पुरतील असं वाटेना. वीस सोडल्या. मग कळलं की तू शंभर ओळी उतरून येशील. आणि नववीतली पोर पिशवीबद्दल वाचून स्वतःचं पोट चाचपत बसेल. हात कुठे आहे तुझा आत्ता?"

माझा हात पोटावर होता. मी तो काढला.

मग मी माझं सांगितलं. शिबिर, बस, पहिला बाक, इंजेक्शन. कुठलं इंजेक्शन तेही. एकही ओळ न सोडता. दवाखान्यातली कुठलीतरी गाडी खडखडत त्यांच्या शेजारून गेली.

"कधीपासून?"

"सहा महिने."

"आणि मला रोज कसंबसं?"

"हो."

मग ते म्हणाले, "बाक, मी खोटं कशाला बोलू. मला त्रास होतोय. तुझा नाही, पण होतोय. मला जरा वेळ दे." आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी कॅशियरताईंचा निरोप आला की काकांची तब्येत ठीक आहे, डॉक्टर समाधानी आहेत. आणि खाली एक ओळ: 'तुम्हा दोघांना काय म्हणावं ते मी नंतर ठरवते.' बाईंनी मला रोज सकाळी टाकीपाशी फोन न्यायची परवानगी दिली. मी लावून ठेवलेली टिंबं पुसली आणि पुढच्या तिन्ही सकाळी हातानं टिंब पाठवलं. काकांकडून काहीच आलं नाही. तेही यंत्राची टिंबं बंद करून बसले होते. दुपारी मी नियमाप्रमाणे फोन करायचे, तर तो नर्स उचलायची आणि म्हणायची, बरे आहेत, झोपलेत. तिच्यामागे काका खोकताना ऐकू यायचे. झोपलेला माणूस असा खोकत नाही.

शेवटच्या सकाळी शिखर होतं. सगळ्या बूट बांधून उभ्या. मी टाकीपाशी. टिंब पाठवलं, वाट बघितली. पहिल्या वळणानंतर रेंज नाही आणि संध्याकाळपर्यंत परत येणं नाही. बदली मागायची तर आता कारण सांगायला मला कुणाची चोरी नव्हती. ताईंना एक ओळ लिहिली की झालं असतं. पण मला कोणीतरी बघायला नको होतं, मला त्यांचं टिंब हवं होतं. बाईंनी दोनदा हाक मारली. शिडी खाली धावत आली आणि म्हणाली की ते बरे आहेत हे तुला माहीत आहे ना, मग चल. मी म्हटलं, बरे आहेत, पण माझ्यावर रागावलेत. ती जरा वेळ माझ्याजवळ उभी राहिली, मग तिला जावं लागलं. तंबूंपाशी स्वयंपाक करणारे मामा राहणार होते, त्यांच्या भरवशावर मला ठेवून रांग निघून गेली. एकटीनं मागून यायचं नाही, हे बाईंनी मला तीनदा बजावलं.

ऊन चढलं. टाकीचा पत्रा तापला. रांग वर वर जात लहान होत गेली. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुठे तरी चढू शकत होते आणि मी खाली बसले होते, आणि ते मला कुणी करायला लावलं नव्हतं.

मग फोन थरथरला. एक स्वल्पविराम आला होता.

लगेच त्याखाली एक टिंब. मग आणखी एक.

'वर पोचलीस?' काकांनी लिहिलं.

'नाही. खालीच आहे.'

'का?'

'तुमचं टिंब आलं नव्हतं.'

ते बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले, थांबले, पुन्हा लिहू लागले. शेवटी आलं ते एवढंच: 'वेडी आहेस. फोटो तरी पाठव. ओळी सोडून.'

मी उभी राहिले आणि फोन उंच धरून डोंगराचा फोटो काढला. माथ्याच्या धारेवर मुलींची रांग होती, इतक्या लांबून प्रत्येकीचं टिंब झालेलं. मी दहा रिकाम्या ओळी सोडल्या आणि तो पाठवला.

'यात तू कुठली?' त्यांनी विचारलं.

मी लिहिलं की मी यात नाही, मी खाली आहे, तुमच्याकडे बघतेय.